पन्नास पौंडांची पळवाट

१९७५च्या मॉडेलांबरोबर फोर्ड कंपनीने आपल्या पिकअप ट्रकांच्या यादीत एक नवा आकडा आणला: एफ-१५०. खाली एफ-१००, वर एफ-२५० आणि मधोमध हा. दिसायला तो एफ-१००चा सख्खा भाऊच होता. खरा फरक कागदावर होता. गाडीचे स्वतःचे वजन, माणसे आणि माल मिळून तिला जास्तीत जास्त जेवढ्या भाराची मान्यता असते, तो आकडा एफ-१५०च्या बाबतीत ६,०५० पौंड, म्हणजे साधारण २,७४४ किलो ठेवला होता. सरकारी नियमाची रेषा ६,००० पौंडांवर होती. रेषेच्या आतला ट्रक हलका, त्याला धुराचे कडक नियम. रेषेबाहेरचा अवजड, त्याला धूर निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गरज नाही आणि शिसे घातलेले स्वस्त पेट्रोलही चालते. वरचे पन्नास पौंड म्हणजे गव्हाचे अर्धे पोतेसुद्धा नव्हे. पण तेवढ्या जोरावर कारखान्यातून निघणाऱ्या ट्रकांचे धुराडे मोकळे राहिले, आणि तेही पूर्ण कायदेशीर.

जुन्या पिकअपचा कन्व्हर्टर कापून काढायचा आणि त्या जागी सरळ नळी जोडायची, ही अमेरिकेतल्या गॅरेजांमधली निदान पन्नास वर्षांची चाल आहे. तिची गोष्ट सांगताना तिथले लोक बहुतेक वेळा स्वभावाकडे वळतात. सरकारने गाडीखाली एक डबा अडकवला आणि कुणाचे ऐकून न घेणाऱ्या मालकाने तो कापून भंगारात टाकला, अशी ती गोष्ट. डबा काढणारे आणि त्यांना दंड करणारे, दोघांनाही ती सोयीची आहे; एकांना तिच्यात मर्दुमकी दिसते, दुसऱ्यांना आडमुठेपणा. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही चाल मालकांच्या स्वभावातून आलेली नाही. ती कायद्याने आणि पेट्रोल पंपावरच्या दराने घडवली. वजनाची रेषा, खासगी मालकाला मिळालेली मोकळीक आणि एकाच पंपावर दोन दरांची दोन पेट्रोले, या तीन फटींतून ती आत आली. फटी बुजल्या तिथे ती आटली. नवी फट पडली तिथे नव्या रूपात उगवली. आणि एफ-१५० हेही दाखवतो की या फटीत पहिले पाऊल मालकाने नव्हे, कारखान्याने टाकले होते.

हा डबा आला कुठून, ते आधी पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे दाट धुरके उतरू लागले. आधी संशय कारखान्यांवर गेला. कॅलटेक संस्थेतले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे अननसाच्या स्वादामागच्या द्रव्यांचा अभ्यास करत होते. तीच चिकाटी त्यांनी शहराच्या हवेवर लावली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि मोटारींतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे धुरके तयार होते. म्हणजे दोषी फक्त चिमणीवाला नव्हता, सकाळी कामाला निघालेला प्रत्येक मोटारवालाही होता. त्याच सुमारास यूजीन हूड्री नावाचा फ्रेंच अभियंता अमेरिकेत या प्रश्नावर काम करत होता. खनिज तेलापासून उत्प्रेरकाच्या मदतीने चांगले पेट्रोल काढण्याची रीत बसवून त्याने आधीच नाव कमावले होते. आता त्याने उत्प्रेरकाचाच उपयोग करून धूर निवळणारा डबा तयार केला आणि १९५६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. डब्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि वाफ व्हावी, एवढी साधी कल्पना. पण गाडीवर तो टिकणे शक्य नव्हते. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने १९२१ मध्ये इंजिनाचे नॉकिंग थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा उपाय शोधून काढला होता, आणि पुढे अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोलमध्ये शिसे होते. हे शिसे उत्प्रेरकावर थर धरून बसते आणि त्याला निकामी करते. हूड्री १९६२ मध्ये वारला, तेव्हा त्याचा डबा मोटारींपर्यंत पोचलेला नव्हता.

तो पोचला कायद्यामुळे. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवा कायद्यावर सही केली. सिनेटर एडमंड मस्की यांनी लावून धरलेल्या या कायद्याने मोटार कंपन्यांना सांगितले की १९७५ पर्यंत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड नव्वद टक्क्यांनी उतरवा, आणि पुढच्या वर्षापर्यंत नायट्रोजन ऑक्साइडेही तेवढीच. हे कसे करायचे, याचे सिद्ध तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हते. कंपन्या न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी १९७३ मध्ये त्यांच्या बाजूने लागलेल्या निकालावर नाव आहे ते इंटरनॅशनल हार्वेस्टरचे, म्हणजे ट्रॅक्टर, मालट्रक आणि पिकअप बनवणाऱ्या कंपनीचे. पिकअपवाले या भांडणात पहिल्या दिवसापासून होते. त्यानंतर पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, प्रमुख विल्यम रकलशॉस यांनी वर्षभराची मुदतवाढ देऊन मधले, थोडे सैल नियम ठरवले. तेही इतके सैल नव्हते की डब्याशिवाय सगळ्यांना भागावे. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी कन्व्हर्टरच्या बाजूने वजन टाकले, तेलकंपन्यांना पंपावर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले, आणि १९७५च्या बहुसंख्य अमेरिकन मोटारी पोटाखाली डबा घेऊन बाहेर पडल्या.

डबा हाच एक मार्ग होता का, असा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो पोकळ नव्हता. होंडाने आपल्या सीव्हीसीसी इंजिनात ज्वलनाचीच रीत बदलून १९७५चे नियम कन्व्हर्टरशिवाय पाळून दाखवले. हे छोट्या गाडीचे कौतुक आहे, मोठ्या इंजिनाला जमायचे नाही, असे डेट्रॉइटवाले म्हणाले, तेव्हा होंडाने चक्क एक १९७३ची शेव्हरले इम्पाला घेऊन तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला आपली रचना बसवली आणि ती ईपीएच्या चाचणीत उतरवली. म्हणजे डबा ही निवड होती, अपरिहार्यता नव्हती. अमेरिकन कंपन्यांनी ती केली, कारण जुन्या इंजिनांचे साचे न मोडता धूर शेवटच्या टप्प्यावर निवळता येत होता. या निवडीचा एक परिणाम पुढे महत्त्वाचा ठरला: शुद्धीकरणाचे सगळे काम गाडीखाली लोंबणाऱ्या, चार बोल्ट सैल करून सुटणाऱ्या एका सुट्या भागावर आले. होंडाचे इंजिन मालकाला काढून टाकता आले नसते.

आता ताकदीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण डबा काढण्याचे सर्वांत जुने आणि आजही दिले जाणारे कारण तेच आहे: कन्व्हर्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, तो काढला की गाडी पळते. या समजुतीला जो पुरावा दिला जातो, तो म्हणजे सत्तरीच्या सुरुवातीच्या आणि मध्याच्या गाड्यांच्या माहितीपत्रकांतले आकडे. ते आकडे खरेच घसरले. पण का घसरले, हे तारखा लावून पाहिले की दोषी बदलतो. येऊ घातलेल्या शिसेविरहित आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलांतच इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो उतरवला. इतरही त्याच वाटेने गेले. ताकद तिथे गेली, डबा यायच्या चार वर्षे आधी. दुसरे म्हणजे मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी इंजिन टेबलावर ठेवून, पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर असली सगळी ओझी उतरवून अश्वशक्ती मोजत. १९७२ पासून कंपन्या ती ओझी लावून मोजू लागल्या. कॉर्व्हेटच्या ४५४ घनइंची इंजिनाला १९७१ मध्ये जुन्या पद्धतीने ३६५ आणि नव्या पद्धतीने २८५ अश्वशक्ती अशी दोन्ही मापे मिळाली. इंजिन तेच, वर्ष तेच, आणि कागदावर ऐंशी घोडे गायब. शिवाय १९७२ ते १९७४ या काळात कंपन्यांनी धूर कमी करण्यासाठी ठिणगीची वेळ मागे ढकलली, जळालेला धूर पुन्हा इंजिनात फिरवला, कार्ब्युरेटर चिमटीत धरला. त्याने गाड्या अडखळत चालू लागल्या आणि पेट्रोल जास्त पिऊ लागल्या. कन्व्हर्टर आल्यावर उलटे झाले. धूर निवळण्याचे काम डब्याने उचलल्यामुळे इंजिन पुन्हा नीट ट्यून करता आले, आणि १९७५च्या नव्या गाड्यांचे सरासरी मायलेज आदल्या वर्षापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त सुधारले. ज्या डब्याने गाड्यांची तब्येत थोडी सावरली, त्याच्याच माथी आधीच्या चार वर्षांचे पाप बसले. तो नवा होता, डोळ्यांना दिसत होता आणि काढता येत होता. कॉम्प्रेशन रेशो बोल्ट सैल करून परत मिळत नाही.

याचा अर्थ पहिले कन्व्हर्टर निर्दोष होते असा नाही. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या डब्यांत प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप दिलेले ॲल्युमिनाचे बारीक मणी भरलेले असत, आणि कॉर्निंग कंपनीने बनवलेल्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक गाभ्याच्या मानाने त्यांतून धूर अडखळत जाई. दोन धुराड्यांच्या गाडीला एकाच डब्यावर आणले की काही ताकद जाणारच. डबा भयंकर तापे. वाळक्या गवतावर गाडी उभी केली तर वणवा लागण्याची भीती होती, आणि शेतात-कुरणात हिंडणाऱ्या पिकअपच्या मालकाला ही भीती शहरी मोटारवाल्यापेक्षा जास्त खरी होती. पेट्रोलमधल्या गंधकामुळे कुजक्या अंड्यांचा वास येई. गंधकाम्लाच्या तुषारांची शंका तर १९७५ मध्ये ईपीएलाच आली आणि तिचे तेव्हाचे प्रमुख रसेल ट्रेन यांनी त्या कारणाने पुढच्या नियमांना आणखी मुदतवाढ दिली. म्हणजे सरकार स्वतःच डब्याबद्दल साशंक आहे, हे मालकांनी वर्तमानपत्रांत वाचले होते. या तक्रारींना मी खोट्या म्हणणार नाही. पण त्यांच्यामुळे डबा निघाला असे म्हटले, तर चांगले, कमी अडवणारे डबे आल्यावर ही चाल संपायला हवी होती. ती संपली नाही. उलट ज्यांच्याबद्दल या तक्रारी उद्भवतच नव्हत्या, अशा डबाच नसलेल्या ट्रकांना गिऱ्हाईक जोरात होते.

इथे पुन्हा वजनाची रेषा येते. पिकअप हे शेतकऱ्याचे, सुताराचे, गवंड्याचे कामाचे वाहन. त्याला मोटारीचे नियम लावून त्याची भाकरी महाग करू नये, हा सुरुवातीचा विचार मला अजूनही गैर वाटत नाही. चूक झाली ती रेषा ओढण्याच्या जागेत. ६,००० पौंडांची रेषा ही नेहमीच्या अर्ध्या टनाच्या पिकअपच्या अगदी डोक्यावरून जात होती, त्यामुळे जरा मजबूत स्प्रिंगा दिल्या आणि पाटीवरचा आकडा वाढवला की ट्रक पलीकडे. फोर्डपाठोपाठ शेव्हरलेनेही आपली ‘बिग १०’ काढली. व्यापारात या वर्गाला ‘हेवी हाफ’ म्हणत. डॉजने १९७८ मध्ये या मोकळिकीचे जे केले ते तर उघड चैनीसाठी: ‘लिल रेड एक्स्प्रेस’ नावाचा लालभडक ट्रक, केबिनमागे दोन उभी क्रोमची धुराडी, कन्व्हर्टर नाही. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत शून्यापासून ताशी १०० मैल गाठण्यात तो त्या वेळच्या अमेरिकन गाड्यांत सर्वांत चपळ निघाला. गवंड्याच्या भाकरीसाठी ठेवलेली सूट तीन वर्षांत शर्यतीच्या कामाला आली. १९७९च्या मॉडेलांपासून सरकारने रेषा ८,५०० पौंडांवर नेली, आणि त्याच लाल ट्रकाला त्या वर्षी कन्व्हर्टर बसवावा लागला, पेट्रोलही शिसेविरहित घ्यावे लागले. यातून मालकाने काय शिकायचे होते? कालपर्यंत शेजारच्या शोरूममध्ये तोच ट्रक, तेच इंजिन, डब्याशिवाय आणि कायदेशीर मिळत होते. आज आपल्याला मिळालेल्या ट्रकाचा डबा काढला, तर आपण फक्त गेल्या वर्षीचा ट्रक तयार केला, असेच त्याला वाटणार.

आणि काढणे त्याच्यासाठी केंद्रीय कायद्याने गुन्हा नव्हताच. ही दुसरी फट. १९७० च्या कायद्याने छेडछाडीची बंदी घातली ती कारखानदार आणि विक्रेते यांच्यावर. १९७७ च्या दुरुस्तीने तिच्यात गॅरेजवाले आणि ताफे चालवणारे आले. आपल्या अंगणात, आपल्या पान्याने, आपल्या ट्रकाचा डबा सोडवणारा खासगी मालक १९९० पर्यंत त्या बंदीबाहेर होता. काही राज्यांनी आपले वेगळे नियम केले तेवढेच. परिणाम जो व्हायचा तोच झाला. दुकानांत कन्व्हर्टरच्या मापाची सरळ नळी ‘टेस्ट पाइप’ या नावाने विकली जाऊ लागली. चाचणीपुरती बसवा, असे वेष्टनावर, आणि ती आयुष्यभर तिथेच. गॅरेजवाला हात लावत नसे, कारण त्याला दंड होता. तो नळी काउंटरवरून देई. मण्यांच्या डब्यांना मणी बदलण्यासाठी तळाशी बूच होते. काहींनी ते उघडून मणी ओतून टाकले आणि रिकामा डबा जागेवर ठेवला, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला काही कळू नये.

पण सर्वांत मोठी फट पंपावर होती. शिसेविरहित पेट्रोल गॅलनमागे काही सेंटांनी महाग होते. १९७३ च्या आणि १९७९ च्या तेलसंकटांनी पोळलेल्या, रोज ट्रक हाकणाऱ्या माणसाला हे सेंट वर्षाकाठी जाणवत. नियम करणाऱ्यांना याची कल्पना होती. म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवले आणि शिसेवाल्या पेट्रोलची तोटी जाड. लोकांनी ते तोंड ठोकून रुंद केले किंवा फनेल लावले. शिसेवाल्या पेट्रोलच्या काही टाक्या पोटात गेल्या की उत्प्रेरक मरतो. मग मेलेला, चोंदलेला डबा खरोखरच इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि मालक तो कापतो. डब्याने ताकद घेतली असे शपथेवर सांगणाऱ्या अनेकांचा अनुभव या अर्थाने खरा असणार. त्यांनी फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली. यातले नुकसान डब्यापुरते नव्हते. कन्व्हर्टर वाचवण्यासाठी पेट्रोलमधले शिसे कमी झाले, आणि त्याचा लाभ फुप्फुसांच्याही आधी मुलांच्या रक्तात दिसला: १९७६ ते १९८० दरम्यानच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत अमेरिकनांच्या रक्तातले सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलेले आढळले, आणि ही घसरण पेट्रोलमधल्या शिशाच्या घसरणीच्या पावलावर पाऊल टाकून झाली होती. डबा हा धुरक्यावरचा उपाय म्हणून आला. शिशावरचा उपाय तो जवळजवळ योगायोगाने ठरला. त्यामुळे स्वस्त पेट्रोल भरून डबा मारणारा मालक हवेत दोनदा भर घालत होता.

स्वभावाचा सिद्धांत खोटा कशावरून, असे कुणी विचारील. ईपीएने सत्तरीच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे रस्त्यावर गाड्या थांबवून छेडछाडीच्या पाहण्या केल्या. धुराड्याच्या तोंडाशी शिसे ओळखणारा कागद लावण्यापर्यंत. त्यांत पुन्हा पुन्हा दिसले ते असे: ज्या भागांत गाड्यांची सक्तीची तपासणी होती तिथे छेडछाड कमी, नसेल तिथे जास्त, नव्या गाड्यांत कमी, जुन्यांत जास्त, मोटारींत कमी, हलक्या ट्रकांत जास्त. बंडखोरी हे कारण असते, तर तपासणीच्या सीमेवर ती थांबली नसती, आणि गाडी हमीच्या मुदतीत आहे की नाही हे पाहून ती जागी झाली नसती. जुनी गाडी म्हणजे हमी संपलेली, डबा बदलायचा तर पैसे स्वतःचे; ट्रक म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून दरातला फरकही जास्त. माणसे हिशेब करत होती. पुढचा पुरावा आणखी थेट आहे. ईपीएने १ जुलै १९८५ पासून पेट्रोलमधले शिसे गॅलनला १.१ वरून ०.५ ग्रॅमवर आणि १ जानेवारी १९८६ पासून ०.१ ग्रॅमवर आणले. इतक्या कमी शिशाच्या पेट्रोलला दराचा फायदा फारसा उरला नाही, आणि चुकीचे पेट्रोल भरण्याचा मोहही त्याबरोबर गेला. १९९० मध्ये छेडछाडीची बंदी ‘कोणत्याही व्यक्ती’वर आली. १९९६च्या मॉडेलांपासून डब्याच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसवून गाडीचा संगणकच डब्यावर पहारा ठेवू लागला आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेवाल्या पेट्रोलवर बंदी आली. स्वभाव या पंधरा वर्षांत बदलला नव्हता. बदलला तो हिशेब.

गाडी माझी, तिला मी काय लावावे आणि काय काढावे हे सरकारने का सांगावे, हा आक्षेप मात्र स्वभावाच्या नव्हे तर तत्त्वाच्या नावाने येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ट्रकाच्या रंगाबद्दल, चाकांबद्दल, स्प्रिंगांबद्दल मी तो पूर्ण मान्य करीन. कन्व्हर्टर या सगळ्यांहून वेगळा आहे. त्याचा खर्च मालक करतो आणि लाभ त्याच्या मागच्या गाडीतल्याला, रस्त्याकडेच्या घरातल्याला मिळतो. मालकाच्या दृष्टीने तो काढण्यात तोटा काहीच नाही. म्हणूनच बाजार हा डबा कधी जागेवर ठेवणार नाही, आणि म्हणूनच तिथे कायदा लागतो. जुने ट्रक असतात किती, फिरतात किती, असे दुसरे म्हणणे. आकडेमोड करून पाहू. चांगला डबा दहा भागांतले नऊ भाग विष खातो असे धरले, तर डबा काढलेला एक ट्रक डबेवाल्या दहा ट्रकांइतके ओकतो. दहांतल्या एकाने डबा काढला की दहांचा मिळून धूर जवळजवळ दुप्पट. खऱ्या अर्थाने पुराण्या, डब्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियासारखे कडक राज्यही धूर तपासणीतून सोडते, १९७५ पर्यंतच्या मॉडेलांना. ती सूट योग्य आहे, कारण १९७५ची मॉडेले सोडली तर तिथे काढण्यासारखे काही नाही.

हिशेबाची गोष्ट खरी असेल, तर नवी फट पडली की चाल परत यायला हवी. ती आली, डिझेल पिकअपमधून. २००७ नंतरच्या डिझेल ट्रकांना काजळीचे फिल्टर आणि नंतर नायट्रोजन ऑक्साइड मारणारी युरियाची यंत्रणा आली. ही यंत्रणा बिघडली की दुरुस्ती हजारो डॉलरांची, आणि संगणकाला फसवणारे सॉफ्टवेअर टपालाने घरपोच. नोव्हेंबर २०२० मध्ये ईपीएच्या अंमलबजावणी विभागाने अंदाज मांडला की आदल्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा काढली गेली; त्यांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टन जादा नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जातील, जणू रस्त्यावर नव्वद लाख आणखी ट्रक आले. बंदी होती; पण तिच्या मागे तपासणी नव्हती, कारण अनेक राज्यांत अशा ट्रकाखाली कुणी वाकून पाहतच नाही. शर्यतीच्या गाड्यांना सूट द्या म्हणून २०१६ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा येणारे विधेयकही मला याच कारणाने संशयास्पद वाटते. शर्यतवाल्यांची अडचण खरी आहे, पण गवंड्याच्या भाकरीचे काय झाले ते आपण पाहिले.

मधल्या काळात डब्याने आणखी एक वळण घेतले. आतल्या धातूंचे भाव चढले. एप्रिल २०२१ च्या आसपास त्यांतले रोडियम औंसाला २९,००० डॉलरांच्या जवळ गेले. आता डबा मालक कापेना, चोर कापू लागले, आणि उंच बसणारे पिकअप जॅक न लावता खाली शिरता येते म्हणून त्यांना आवडते झाले. ही लाट आपल्याकडेही पोचली: गुजरात आणि महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरून त्यांतला उत्प्रेरकाचा भुगा विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या.

आपला डबा आला तोही अमेरिकेसारख्याच फटी घेऊन. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल ठरावीक पंपांवर आले; देशभर शिसे गेले ते १ फेब्रुवारी २००० ला. मधली पाच वर्षे मुंबईची गाडी घाट ओलांडून आत गेली की टाकीत काय पडेल याची खात्री नव्हती. आज मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार करू देत नाही, आणि मोटरसायकलींचे फटाकडे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, त्याची छायाचित्रे छापून येतात. त्यांतले बरेचसे आवाजासाठी पकडलेले असतात. त्या बदलात उत्प्रेरकही गेला, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी धुराड्यात सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजन ऑक्साइडे ती मोजत नाही. तेव्हा परिवहन खात्याने मालकांना उपदेश करणारे आणखी फलक लावण्याआधी पीयूसी केंद्राला एक आरसा द्यावा आणि गाडीखाली डबा आहे की नाही, हा एक रकाना त्या प्रमाणपत्रावर घालावा. कॅलिफोर्नियात धूर तपासणीबरोबर यंत्रणा डोळ्यांनी पाहण्याची सक्ती १९८४ पासून आहे.